ॲपलाचियन डोंगरात ओकच्या बहरावरून अस्वल आणि हरणाचा ठाव कसा घ्यावा

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन डोंगररांगांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एकेका राज्यातील धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या पहिल्या काही आठवड्यांत काळे अस्वल कोठे सापडेल आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण कोठे चरेल, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते: ज्या ओक वृक्षाखाली नेमके त्याच दिवसांत एकॉर्न, म्हणजे ओकची टोपी घातलेली कवचीची फळे, पडू लागली आहेत, तेथे. ओकचे रान शोधावे लागत नाही, कारण व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायना येथील बहुतेक डोंगरउतार ओकनेच भरलेले आहेत. अवघड असते ते त्या हजारो झाडांतून या वर्षी फळलेले आणि या आठवड्यात फळ टाकणारे झाड हेरणे. त्या पाहणीची पद्धत मी येथे मांडत आहे. व्हर्जिनियातील जॉर्ज वॉशिंग्टन आणि जेफरसन राष्ट्रीय वने डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे, कारण वॉशिंग्टन शहराच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना शिकारीसाठी खुले असलेले एवढे मोठे सार्वजनिक रान दुसरीकडे जवळपास मिळत नाही. त्याच्या जवळच असलेले शेनांडोआ हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथे शिकारीस पूर्ण मनाई आहे. दोहोंची हद्द नकाशावर आधी नीट पाहून घ्यावी.

कायद्याची बाजू सुरुवातीलाच सांगितलेली बरी. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्याने अस्वल किंवा हरणाची शिकार हा गुन्हा आहे. या लेखातील प्रत्येक गोष्ट अमेरिकेतील परवानाधारक शिकारीपुरतीच आहे. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीस संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक व काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्या मनाईचा एक अपवाद आहे. त्यामुळे परवाना हाती येण्यापूर्वी मित्राची बंदूक नुसती पाहण्यासाठीही हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय व्हर्जिनियात आमिष टाकून शिकार करता येत नाही. दुसरीकडून गोळा केलेले एकॉर्न आपल्या मचाणाखाली आणून पसरणे हे आमिषच झाले. झाडाने स्वतः टाकलेल्या फळावर येणाऱ्या जनावराची वाट पाहणे मात्र पूर्णपणे वैध आहे, म्हणूनच झाड ओळखण्याच्या कौशल्याला एवढे मोल आहे.

शरद ऋतूत काळ्या अस्वलाचा दिवसाचा बहुतांश वेळ खाण्यात जातो. हिवाळ्यासाठी चरबी साठवताना ते दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत अन्न पोटात घालते, आणि एवढी ऊर्जा थोड्या जागेत, फारशी धावपळ न करता देणारे रानातले अन्न म्हणजे एकॉर्न. अस्वलाच्या मादीच्या पोटातील गर्भ उन्हाळ्यातील मीलनानंतर कित्येक महिने वाढ थांबवून राहतो आणि तिच्या अंगावर पुरेशी चरबी चढली तरच पुढे रुजतो. त्यामुळे ओक किती फळले यावर पुढील वर्षी पिल्ले किती होणार हेही ठरते. हरणाचे आयुष्य एकॉर्नवर इतके अवलंबून नसते. तरीही पहिले गोड एकॉर्न पडू लागले की काल संध्याकाळपर्यंत सोयाबीनच्या शेतात दिसणारे नर एकाएकी दिसेनासे होतात. अनेक शिकारी त्यांना कोणी बिचकवले असे समजतात, पण ते बहुधा काही अंतरावर रानाच्या आत, ओकखाली उभे असतात.

ओकला हे स्थान नेहमीच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या डोंगरांतील मुख्य फळझाड अमेरिकन चेस्टनट हे होते. ते जून-जुलैमध्ये, म्हणजे हिमतुषाराचा धोका पूर्णपणे टळल्यावर फुलत असे आणि म्हणून जवळजवळ दरवर्षी भरवशाने फळत असे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्यावर एक परदेशी बुरशी आढळली आणि पुढील सुमारे पन्नास वर्षांत अब्जावधी झाडे मेली. त्यांची जागा मोठ्या प्रमाणावर ओकने घेतली. ओक मात्र एप्रिल-मेमध्ये मोहरतो, आणि त्या दिवसांत एका रात्रीच्या कडाक्यानेही सगळा मोहर जळू शकतो. आजच्या शिकाऱ्याला दरवर्षी नव्याने पाहणी करावी लागते, त्याचे मूळ या बदलात आहे.

दोन गट, दोन वेळापत्रके

पाहणीला निघण्यापूर्वी ओकचे दोन गट ओळखता आलेच पाहिजेत. व्हाइट ओक गटातील झाडांच्या पानांचे कंगोरे गोलसर असतात. रेड ओक गटातील पानांच्या कंगोऱ्यांच्या टोकाला बारीक केसासारखा काटा असतो. पान हाती नसेल तर जमिनीवरचे एकॉर्नचे टरफल उचलून आतून बोट फिरवावे: रेड ओक गटातील टरफलाची आतली बाजू मखमलीसारखी लवदार लागते, व्हाइट ओक गटातील गुळगुळीत लागते. ही खूण मला पानांपेक्षाही भरवशाची वाटते, कारण झाडाखाली शेजारच्या दहा झाडांची पाने वाऱ्याने आलेली असतात. खोडावरूनही अंदाज येतो. व्हाइट ओकची साल फिकट राखाडी असते आणि तिचे पातळ पापुद्रे सुटलेले असतात. नॉर्दर्न रेड ओकच्या खोडावर उभ्या, सपाट, चकचकीत पट्ट्या दिसतात. चेस्टनट ओकच्या सालीला मात्र इतक्या खोल उभ्या भेगा असतात की अंधुक उजेडातही तो ओळखू येतो.

व्हाइट ओक वसंतात मोहरतो आणि त्याच वर्षीच्या शरदात फळ टाकतो. रेड ओकच्या फळाला पिकायला दोन हंगाम लागतात. म्हणून यंदाच्या एप्रिलमध्ये कडाक्याचा हिमतुषार पडला असेल, तर व्हाइट ओकचे यंदाचे पीक जाते आणि रेड ओकचे पुढील वर्षीचे. ज्याने वसंतातील हवामानाची नोंद ठेवली, त्याला उन्हाळ्यात रानात पाऊल टाकण्यापूर्वीच अर्धे उत्तर मिळालेले असते. चवीतही फरक आहे. व्हाइट ओकच्या फळात टॅनिन कमी असल्याने ते कमी तुरट असते आणि जनावरे आधी त्यावरच तुटून पडतात. शिवाय ते जमिनीवर पडल्यावर त्याच शरदात मोड काढते, म्हणजे ते खाण्याजोगे राहण्याचा काळ थोडा असतो. रेड ओकचे फळ तुरट पण जास्त स्निग्ध असते, ते वसंतापर्यंत मोड काढत नाही आणि म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, बर्फाखालीही, जनावरांच्या कामी येते. हंगामाच्या सुरुवातीला बसणाऱ्याने व्हाइट ओक गटाकडे आणि उशिरा बसणाऱ्याने रेड ओककडे लक्ष द्यावे, हा सर्वसाधारण नियम.

या नियमात चेस्टनट ओकची दखल वेगळी घ्यावी लागते. तो व्हाइट ओक गटातलाच. कोरड्या, खडकाळ डोंगरधारांवर वाढतो, त्याच्या पानांच्या कडा नागमोडी असतात आणि फळ मोठे, तुकतुकीत असते. डोंगरावरील इतर ओकपेक्षा तो दोन ते पाच आठवडे आधी फळ टाकतो. चवीत तो व्हाइट ओकच्या मागे आहे, हे खरे. पण सप्टेंबरमध्ये दुसरे काहीच पडलेले नसते तेव्हा अस्वल चवीची तुलना करीत बसत नाही. हंगामाच्या पहिल्याच शनिवारी अस्वलासाठी बसायचे असेल आणि त्या वर्षी चेस्टनट ओक फळलेला असेल, तर मी प्रथम धारेवरच जाईन.

बहर कोणत्या झाडावर

कोकणातील हापूस एका वर्षी लगडतो आणि दुसऱ्या वर्षी दमतो, हे आपल्याला परिचित आहे. ओकचेही तसेच आहे, फक्त त्याचे चक्र अधिक लांब आणि अनियमित आहे. व्हाइट ओकला भरघोस बहर साधारण चार ते दहा वर्षांतून एकदा येतो, नॉर्दर्न रेड ओकला दोन ते पाच वर्षांतून. बहराच्या वर्षी मैलोन् मैल झाडे एकाच वेळी फळतात आणि मधल्या वर्षांत बहुतेक झाडे रिकामी राहतात. परंतु कमी पिकाच्या वर्षीही काही झाडे फळतात, आणि एकाच उतारावर, एकाच जातीची, एकमेकांजवळ उभी असलेली दोन झाडे याबाबतीत अगदी भिन्न असू शकतात. काही झाडे वर्षानुवर्षे चांगली फळतात, तर काही कधीच धड फळत नाहीत. म्हणून चांगले झाड एकदा सापडले की त्याची जागा नकाशावर कायमची नोंदवून ठेवावी.

कोणती झाडे आधी पाहावीत? ज्यांच्या शेंड्यावर चारही बाजूंनी ऊन पडते, अशी रुंद घेराची प्रौढ झाडे. ओक वीस-पंचवीस वर्षांचा झाला की फळू लागतो, परंतु खऱ्या अर्थाने भरघोस फळ पन्नाशीनंतर. जुन्या शेताच्या बांधावर, बंद पडलेल्या लाकूडतोडीच्या रस्त्याकडेला किंवा धारेच्या काठावर मोकळे वाढलेले झाड दाट गर्दीतल्या उंच, सडपातळ झाडापेक्षा कितीतरी जास्त फळ धरते. कोरड्या, दक्षिण आणि पश्चिम उतारांवर तसेच धारांवर व्हाइट ओक व चेस्टनट ओक अधिक आढळतात, उत्तर आणि पूर्वेकडील ओलसर उतारांवर व घळींत नॉर्दर्न रेड ओक.

उंचीचा विचार बहुतेक जण करीत नाहीत, तो अवश्य करावा. वसंतातील शांत, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन दरीत साचते आणि दरीतील मोहर जळतो, तर त्याच डोंगराच्या मधल्या उतारावरील उबदार पट्ट्यात तो वाचतो. उलट, वाऱ्यासह आलेल्या थंडीच्या लाटेत उंचावरच्या झाडांना मार बसतो. म्हणून दरीतील चार रिकामी झाडे पाहून यंदा एकॉर्न नाहीत असा निष्कर्ष काढू नये. खाली, मध्यावर आणि धारेवर अशा तिन्ही पातळ्यांवर पाहणी करावी. स्पाँजी मॉथ या पतंगाच्या अळ्यांनी ज्या उतारावरची पाने मे-जूनमध्ये फस्त केली असतील, तो उतार त्या वर्षापुरता सोडून द्यावा. पाने पुन्हा फुटतात, पण झाडाची शक्ती त्यातच खर्ची पडते.

ऑगस्टमध्ये दुर्बीण वर

पाहणीचा सर्वांत उत्तम काळ ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. तोवर एकॉर्न दुर्बिणीतून दिसण्याएवढे मोठे झालेले असतात आणि जनावरांनी अजून त्यांना हात लावलेला नसतो. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहावे, आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण घ्यावी आणि झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागातील उन्हातल्या फांद्यांची टोके पाहावीत. खालच्या सावलीतल्या फांद्यांवरून काहीच ठरत नाही. कॅलिफोर्नियातील हेस्टिंग्ज संशोधन केंद्रात १९८० पासून ओकच्या पिकाची जी मोजणी चालते, तिची रीत शिकाऱ्यालाही सहज वापरता येते: दोन माणसांनी झाडाच्या वेगवेगळ्या भागांवर दुर्बीण धरून प्रत्येकी पंधरा सेकंदांत जमतील तेवढे एकॉर्न मोजायचे आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. एकट्याने गेल्यास दोन बाजूंनी दोनदा मोजावे. हा आकडा झाडावरील एकूण फळांचा नव्हे, पण सर्व झाडांना एकच माप लावल्याने त्यांची आपापसांत तुलना होते, आणि आपल्याला तेवढेच हवे असते. आकडा, जात, उंची आणि जागा फोनवरील नकाशात लगेच टिपून ठेवावी.

याच सुमारास राज्यांच्या वन्यजीव विभागांचे अहवालही पाहावेत. वेस्ट व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनाचे विभाग दरवर्षी रानातील फळांची पाहणी करून ते प्रसिद्ध करतात. त्यातून कोणती जात कोणत्या पट्ट्यात फळली आहे याचा सर्वसाधारण अंदाज येतो. विशिष्ट झाड मात्र आपल्यालाच शोधावे लागते.

जमिनीवरचा पुरावा

सप्टेंबरमध्ये नजर जमिनीकडे वळवावी. सर्वांत आधी पडणारी फळे बहुधा कुचकामी असतात, हे लक्षात ठेवावे. सोंडकिड्याची मादी उन्हाळ्यात कोवळ्या एकॉर्नला भोक पाडून आत अंडी घालते. आतील अळीने पोखरलेले फळ लवकर गळते आणि अळी सुमारे तीन मिलिमीटरचे स्वच्छ गोल भोक पाडून बाहेर पडून मातीत जाते. टोपी घट्ट चिकटलेली राहूनच गळलेले फळही बहुधा अपुरे वाढलेले असते. निरोगी पिकलेले फळ टोपीतून सहज सुटून पडते. मूठभर फळे उचलून पाण्याच्या बाटलीत टाकावीत: जड, भरलेली तळाशी जातात, पोकळ वा पोखरलेली तरंगतात. शंका राहिल्यास चाकूने एक-दोन कापून पाहावीत. गर घट्ट आणि फिकट पिवळसर असला तर झाड कामाचे आहे.

त्यानंतर खाल्ल्याच्या खुणा वाचाव्यात. झाडाखाली फळांपेक्षा रिकाम्या टोप्याच जास्त दिसत असतील, तर कोणीतरी नियमाने येऊन फळ उचलत आहे. हरीण एकॉर्न दाढांखाली फोडते आणि टरफलाचे मोठे, वेडेवाकडे तुकडे तोंडातून खाली पडतात. जवळच ओल्या, चकाकणाऱ्या लेंड्या सापडतात. खारीने कुरतडलेल्या टरफलाच्या कडांवर बारीक दातांच्या रेघा दिसतात, आणि हिरव्या पानांसह कातरलेल्या डहाळ्या खाली पडलेल्या असतात. रानटी टर्की पाचोळा नखांनी उकरून मागे फेकतात, त्यामुळे जमिनीवर उघड्या मातीचे चट्टे उमटतात. लेंड्या वाळून भुरकट झाल्या असतील आणि टोप्या काळवंडल्या असतील, तर ते झाड मागच्या आठवड्यातले. तेथे बसून उपयोग नाही. मी ताज्या विष्ठेला इतर सर्व खुणांपेक्षा अधिक महत्त्व देतो.

अस्वलाची गोष्ट वेगळी, कारण ते फळ पडण्याची वाट पाहत नाही. ते व्हाइट ओकवर चढते, बुंध्याजवळ बसून फांद्या आपल्याकडे ओढते, मोडते, फळे खाते आणि मोडलेल्या फांद्या बुडाखाली दाबत जाते. परिणामी हिरव्या शेंड्यात तपकिरी, सुकलेल्या पानांचे मोठे पुंजके लटकलेले दिसतात. समोरच्या धारेवरून दुर्बिणीने पूर्ण उतार न्याहाळल्यास असे एखादे झाड लांबूनच ओळखू येते. पाने सुकली असली तरी मोडीच्या जागी लाकूड अजून पांढरे आणि ओलसर असेल, तर अस्वल दूर नाही. झाडाखाली चघळलेल्या टरफलांचा भुगा भरलेली ढीगभर विष्ठा आणि सालीवर नखांचे ताजे ओरखडे मिळाले, की शंका उरत नाही. अशा फांद्या हिरव्या असतानाच मोडल्याने त्यांची पाने शरदात गळत नाहीत आणि हिवाळाभर चिकटून राहतात. त्यामुळे जानेवारीत, रान उघडे असताना फिरल्यास मागील हंगामात अस्वलांनी वापरलेली झाडे एकेक करून टिपता येतात. एकॉर्न पिकण्यापूर्वी ब्लॅक चेरी आणि रानद्राक्षांवरही अस्वले असतात, म्हणून ओकच्या पट्ट्याला लागून ही झाडे असतील तर ती जागा अधिक चांगली.

झाड सापडल्यावर

भरघोस बहराच्या वर्षी एक मोठी अडचण येते: अन्न सगळीकडे असते, आणि जनावर कोणत्याही एका झाडाशी बांधलेले राहत नाही. अशा वर्षी फळलेल्या झाडांतून निवड दुसऱ्या कसोट्यांवर करावी. माउंटन लॉरेल किंवा ऱ्होडोडेंड्रॉनच्या दाट जाळीपासून, म्हणजे जनावराच्या दिवसा बसण्याच्या जागेपासून, जे झाड सर्वांत जवळ आहे ते घ्यावे. खिंडीच्या तोंडाशी, उतारावरील सपाट टप्प्यावर किंवा पाण्याजवळ असेल तर अधिकच चांगले. तुटीच्या वर्षी उलट स्थिती असते. एका घळीत दोनच झाडे फळली असतील तर त्या घळीतील सगळी जनावरे तेथे येतात, आणि अस्वले तर अन्नाच्या शोधात कित्येक मैल चालून येतात. शिकारीच्या दृष्टीने मला तुटीचे वर्ष अधिक सोपे वाटते, पण त्याच वर्षी अस्वले गावांजवळ येतात आणि रस्त्यांवर गाड्यांखाली मरतात, मादीलाही पुरेशी चरबी चढत नाही. म्हणून तेव्हा हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे. व्हर्जिनियात पिल्ले सोबत असलेली मादी आणि १०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ४५ किलोंपेक्षा, कमी वजनाचे अस्वल मारण्यास मनाई आहे. झाडाखाली एकटी वाटणारी मादी दिसली तरी वर शेंड्यात पिल्ले नाहीत ना, हे पुरेसा वेळ घेऊन पाहावे.

डोंगरात वाऱ्याचा विचार घड्याळाप्रमाणे करावा लागतो. ऊन चढू लागले की हवा उताराने वर जाते, आणि संध्याकाळी उतार थंडावला की ती खाली वाहू लागते. त्यामुळे संध्याकाळच्या बैठकीसाठी झाडाच्या खालच्या अंगाला आणि सकाळी ऊन आल्यावर वरच्या अंगाला जागा घ्यावी, म्हणजे आपला वास जनावराकडे जाणार नाही. मचाण फळलेल्या झाडावरच बांधू नये. जनावराचे लक्ष त्याच झाडाकडे असते. धनुष्याच्या पल्ल्यातील शेजारचे झाड निवडावे, त्यावर वाळलेल्या फांद्या लोंबकळत नाहीत हे तपासावे आणि जमीन सोडल्यापासून परत येईपर्यंत सुरक्षा पट्टा बांधलेला ठेवावा. हंगामापूर्वीची शेवटची फेरी दुपारी, जनावरे जाळीत बसलेली असताना करावी आणि झाडाखाली काही मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये. परतल्यावर अंगावर गोचीड चढली नाही ना, हेही पाहावे, कारण या रानांत लाइम रोगाचा धोका खरा आहे.

फळ टाकण्याचा काळ झाडागणिक वेगळा असल्याने पाहणी हंगाम सुरू झाल्यावरही चालूच ठेवावी लागते. एखादे झाड दोन आठवड्यांत रिकामे होते आणि शेजारचे तेव्हाच सुरू होते. हिवाळ्यात रेड ओकची खाली झुकलेली एखादी फांदी हाताशी धरून तिची कोवळी डहाळी भिंगाखाली पाहावी. कळ्यांच्या बगलेत टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी एकॉर्न चिकटलेले दिसतील. ती पुढील शरदाची फळे आहेत, आणि ती भरपूर दिसली तर येत्या वर्षी व्हाइट ओक दगा देवो वा न देवो, त्या उतारावर रेड ओकची झाडे आधीच नोंदवून ठेवता येतात.